बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, मग मी जीन टेस्ट करू का?

पत्र आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. लिहिणारा ३८ वर्षांचा आहे, नाशिकला कंपनीत सुपरवायझर. वडील दोन वर्षांपूर्वी ७१ व्या वर्षी फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले, आयुष्यभर विडी ओढायचे. पण वडिलांचे मोठे भाऊ, वय ८२, रोजचं बंडल संपवतात आणि अजून शेतावर चालत जातात. उलट सख्ख्या मावशीने तंबाखूला कधी हातही लावला नाही आणि गेल्या वर्षी तिलाच फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, रिपोर्टमध्ये ‘ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह’ (म्हणजे ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल) असं लिहिलंय. हा स्वतः कॉलेजपासून सिगरेट ओढतो, रोज १०-१२. मोठा भाऊ ५१ चा, तो १८ व्या वर्षापासून ओढतोय आणि त्याला रोज २० लागतात, तो म्हणतो बाबांच्या नशिबातच होतं. आता प्रश्न असा की ऑनलाइन लाळेची जीन टेस्ट मिळते ती करू का, क्लिअर आली तर टेन्शन जाईल आणि वाईट आली तर मग सिगरेट सोडून तरी काय उपयोग. शेवटी लिहिलंय, ‘ताई मी लहान आहे तुमच्यापेक्षा, अरे-तुरे केलंत तरी चालेल, फक्त नाव छापू नका.’

नाव नाही छापत. आणि अरे-तुरेच करते कारण थोडं बोलायचंय तुला.

पत्र नीट वाच परत. टेस्ट चांगली आली तर ओढत राहणार, वाईट आली तर काय उपयोग म्हणून ओढत राहणार. म्हणजे रिपोर्ट काहीही आला तरी तुझं ठरलंय, फक्त त्याच्यावर कुठल्यातरी लॅबचा शिक्का हवाय. असल्या टेस्टला पैसे कशाला घालवायचे रे. पण तुझा प्रश्न काही मूर्खपणाचा नाहीये, एकाच घरात तीन माणसांचं तीन तऱ्हेचं झालं की कोणालाही वाटेल की हे सगळं रक्तातच आहे, आणि जीन्सचा यात भाग आहेच, तो मी नाकारत नाही, पण तू समजतोस तसा नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या दादाचं नशीबवालं म्हणणं आहे ना, ते अगदी तसंच्या तसं एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने मांडलं होतं. रोनाल्ड फिशर. आजही कॉलेजात जे स्टॅटिस्टिक्स शिकवतात त्यातलं कितीतरी या माणसाचं, जेनेटिक्समध्येही बाप माणूस. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी दाखवलं की फुफ्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट आणि सिगरेट यांचा घट्ट संबंध दिसतोय, तर काही वर्षांनी हे फिशरसाहेब उभे राहिले की थांबा, संबंध आहे म्हणजे सिगरेटमुळेच झालं असं कुठे सिद्ध होतं, कदाचित असा एखादा जीन असेल की जो माणसाला सिगरेटकडेही ढकलतो आणि कॅन्सरकडेही, मग सिगरेटचा बिचारीचा दोष काय. पुरावा म्हणून त्यांनी जुळ्या भावंडांचा डेटा दिला, की एकसारख्या जुळ्यांच्या सिगरेटच्या सवयी वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात. आता हे साहेब स्वतः पाईप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांच्या समितीचे सल्लागारही होते, ते जाऊ दे, पण मुद्दा म्हणून तो हुशार मुद्दा होता आणि तो तपासायला हवाच होता.

तो तपासला गेला. जुळ्यांवरच. युरोपात नॉर्डिक देशांत जुळ्यांची मोठी नोंदवही ठेवतात, त्यात अशा एकसारख्या जोड्या शोधल्या की एक ओढतो आणि दुसरा कधीच ओढत नाही. जीन्स दोघांचे तेच, आईबाप तेच, घर तेच. फिशर बरोबर असते तर कॅन्सर दोघांना साधारण सारखाच व्हायला हवा होता. झाला तो ओढणाऱ्याला, कित्येक पट जास्त. मग दादाच्या नशिबाच्या थिअरीचं काय राहिलं?

अर्धी राहिली, आणि तीच जास्त इंटरेस्टिंग आहे.

२००८ मध्ये तीन वेगवेगळ्या टीमनी, एक आइसलँडची, एक फ्रान्समधल्या ल्योंची आणि एक अमेरिकेतल्या ह्यूस्टनची, हजारो लोकांचा डीएनए तपासून जवळपास एकाच वेळी सांगितलं की १५ नंबरच्या क्रोमोसोमवर एक जागा आहे, तिथे विशिष्ट व्हेरियंट, म्हणजे जीनचं जरा वेगळं रूप, असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आईबापांपैकी एकाकडून आला असेल तर साधारण ३० टक्क्यांनी, दोघांकडून आला असेल तर ७०-८० टक्क्यांनी. आता त्या जागेवर कुठले जीन्स बसलेत माहितीये? कॅन्सरचे नाहीतच ते. निकोटिन मेंदूत जिथे जाऊन चिकटतं ना, त्या रिसेप्टरचे. त्यातल्या एकाचं नाव सीएचआरएनए५. पुढे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हा रिसेप्टर मेंदूच्या एका छोट्या भागात ‘बास, आता पुरे’ असा सिग्नल द्यायचं काम करतो, आणि तो कमजोर असेल तर ते पुरे नीट ऐकूच येत नाही. असा व्हेरियंट असलेली माणसं दिवसाला साधारण एखादी सिगरेट जास्त ओढतात आणि धूर आत खोलवर ओढतात. आणि कधीच न ओढणाऱ्यांमध्ये बघितलं तर या व्हेरियंटचा कॅन्सरशी ठळक संबंध दिसत नाही.

म्हणजे बघ, धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरशी जोडलेला हा सगळ्यात गाजलेला वारशाचा व्हेरियंट, तो मुख्यतः सिगरेटच्याच वाटेने काम करतो. तू ओढलीच नाहीस तर त्याला करायला फारसं काही उरत नाही.

बाकी जीन्स नाहीत असं नाही. त्यानंतर आणखी बऱ्याच जागा सापडल्या, प्रत्येकीचा हिस्सा लहान. बीआरसीए२ नाव ऐकलं असशील, ते ब्रेस्ट कॅन्सरवालं, त्याचा एक दुर्मिळ व्हेरियंट असलेल्यांना फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका दुपटीहून थोडा जास्त दिसला. हे जीन डीएनएची दुरुस्ती करणारं आहे, म्हणून ते पटण्यासारखंही आहे, कारण धुराने डीएनएची वाट लागते आणि दुरुस्तीवालाच सुट्टीवर असेल तर काय होणार. २०१६ मध्ये हिशोब निघाला होता की वर्षभर रोज २० सिगरेट ओढल्या की फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी दीडशे म्युटेशन जमा होतात. प्रत्येक पेशीत, दर वर्षी. उलट काही लोकांची दुरुस्ती चांगली असते, त्यांच्यात ही म्युटेशन एका पातळीनंतर फारशी वाढत नाहीत असंही एका अभ्यासात दिसलंय, तुझे ८२ वर्षांचे काका त्यांच्यातले असतील कदाचित. पण ते त्यांचे जीन्स आहेत, तुझ्या वाट्याला कुठले आले ते आपल्याला माहीत नाही, आणि वडील त्यांचेच सख्खे भाऊ होते हे विसरू नकोस.

काकांचं उदाहरण प्रत्येक घरात असतं बरं का. कोणीतरी आजोबा असतातच जे नव्वदीपर्यंत चिलीम ओढत होते. ते दिसतात कारण ते जिवंत आहेत, त्यांच्या बरोबरीचे जे पन्नाशी-साठीत गेले ते पारावर बसून किस्से सांगायला उरत नाहीत.

आता आकडे. इंग्लंडमधल्या पुरुषांचे आहेत, आपल्यासाठी तंतोतंत लागू होणार नाहीत पण अंदाज येतो. सिगरेट ओढतच राहिलेल्या शंभरातल्या १६ जणांना ७५ व्या वर्षापर्यंत फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण येतं, आधी दुसऱ्या कशाने गेले नाहीत असं धरून. साठीत सोडली तर १०. पन्नाशीत सोडली तर ६. चाळिशीत सोडली तर ३. तिशीत सोडली तर दोनाच्याही आत, आणि कधीच ओढली नाही तर एकाच्या आत. तू ३८ चा आहेस, म्हणजे तुझी ओळ चाळिशीची आहे, १६ वरून ३. जगातली कुठलीही जीन टेस्ट तुझा आकडा इतका हलवू शकत नाही. जीनचा परिणाम सव्वा पट, दीड पट, फार तर दुपटीच्या आसपास, आणि सिगरेटचा परिणाम १५ ते ३० पट, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ एकदा.

आणि ‘१६ च ना, ८४ तर सुटले’ असं म्हणशील, मला माहितीये, सगळे म्हणतात. ते सुटत नाहीत. हार्ट अटॅक, लकवा, दम लागून ऑक्सिजनच्या मशीनवर काढलेली वर्षं, हे सगळं धरलं तर आयुष्यभर ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शेवटी सिगरेटमुळेच जातात. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा जो अभ्यास १९५१ मध्ये सुरू केला तो ५० वर्षं चालला, त्यात दिसलं की चाळिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ ९ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत ६, साठीतसुद्धा ३.

वडिलांना झाला म्हणून तुला जास्त धोका आहे का? आहे. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला झाला असेल तर धोका साधारण दीड ते दोन पट होतो. पण ही पट कशाला लागते ते महत्त्वाचं. न ओढणाऱ्याच्या एकाहून कमी आकड्याची दुप्पट केली तरी तो लहानच राहतो, १६ ची दीड पट केली तर २४ होतात. म्हणजे घराण्यात असेल तर सिगरेट सोडायचं कारण वाढतं, तू नेमकं उलटं लावून बसलायस. आणि त्या दीड-दोन पटीत सगळे जीन्सच नसतात, बापाच्या विडीचा धूर लहानपणी पोरांनीही घेतलेला असतो. (विडी म्हणजे पानाची आहे, नॅचरल आहे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, तेंदूच्या पानातून हवा जात नाही म्हणून ती पेटती ठेवायला जास्त झुरके घ्यावे लागतात, आत तंबाखू कमी आणि त्रास भरपूर.)

मावशीचं वेगळं आहे आणि तिच्या रिपोर्टने तुमच्या घरात नको ती घबराट झालेली दिसतेय. ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह म्हणजे ते वारशाने आलं असं नाही. ते म्युटेशन तिच्या गाठीतल्या पेशींमध्ये आहे, तिच्या आयुष्यात नंतर कधीतरी झालेलं. छापखान्यातून पुस्तक चांगलंच आलं होतं, तिच्या प्रतीतल्या एका पानावर शाई सांडली, म्हणून दुसऱ्यांच्या प्रतीत ते पान खराब असेल असं नसतं. अगदी क्वचित घराण्यात चालत येणारा ईजीएफआरचा बदल असतो, पण तशी शंका आली तर तिचे कॅन्सरचे डॉक्टरच रक्ताची टेस्ट सांगतील. तिच्या मुलींनी त्या एका ओळीवरून झोप उडवून घेऊ नये. खरं तर तो रिपोर्ट एका अर्थी बरा आहे, कारण या म्युटेशनसाठी टार्गेटेड गोळ्या आहेत, जेफिटिनिब, ओसिमर्टिनिब वगैरे, आणि त्यांनी अशा पेशंटना केमोपेक्षा चांगला फायदा होतो. न ओढणाऱ्या बायकांना हा कॅन्सर का होतो, तर घरातला दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर, चुलीचा धूर, हवेचं प्रदूषण ही कारणं माहितीतली आहेत. दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याचा धोका २० ते ३० टक्के वाढतो. तू गॅलरीत जाऊन ओढत असशील आणि दार उघडं असेल तर घरच्यांनी आतून काय घेतलं त्याचाही विचार कर.

आता ती लाळेची टेस्ट. करू नकोस. आज कुठलाही छातीचा डॉक्टर तुझ्यासारख्या माणसाला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका बघायला जीन टेस्ट सांगत नाही, कारण एकेका व्हेरियंटचा परिणाम लहान, त्यातला बराचसा डेटा युरोपियन लोकांचा, आणि रिपोर्टवर लो रिस्क असं हिरव्या रंगात आलं तरी सिगरेटचा आकडा तिथेच राहतो. असले रिपोर्ट हातात दिल्यावर लोक सिगरेट सोडतात का यावरही बरेच अभ्यास झाले, फरक पडत नाही असंच निघालं. एक अपवाद, घरात खूप जणांना, खूप कमी वयात, ब्रेस्ट किंवा ओव्हरीचे किंवा वेगवेगळे कॅन्सर झाले असतील तर जेनेटिक काउन्सेलरकडे जायचं, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ती सोय असते. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही, वडील विडीवाले आणि मावशी आईकडची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जीन्सचा एक उपयोग मात्र करून घे. सकाळी डोळे उघडल्यावर किती वेळात पहिली सिगरेट लागते तुला? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर तुझं व्यसन जड आहे आणि त्यात त्या १५ नंबरच्या क्रोमोसोमचा हात असू शकतो, म्हणजे ‘मनात आणलं की सोडीन’ हे तुझ्या बाबतीत चालणार नाही आणि त्यात तुझा नालायकपणा काही नाही. अशांनी औषध घेऊन सोडायची, नुसत्या इच्छाशक्तीवर नाही. निकोटिनचं च्युइंगम केमिस्टकडे मिळतं, २ एमजीचं तसंच मिळतं, ४ एमजीला डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला ४ चंच लागतं. दिवसभर अंगावर निकोटिनचा पॅच आणि तलफ आली की वरून गम, हे एकट्या गमपेक्षा जास्त चांगलं काम करतं. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे, ती डॉक्टरला विचारून.

गम साध्या गमसारखं चावायचं नाही, इथेच बहुतेक जण गंडतात आणि मग म्हणतात उचकी लागली, फायदा काही नाही. दोन-चार वेळा चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की परत. आणि चहाबरोबर घ्यायचं नाही, चहा-कॉफीने तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही, आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही नाही. आपल्याकडे चहा आणि सुट्टा ही जोडी कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर दिवसातून चार वेळा जमते, तर पहिले काही आठवडे ती टपरीच टाळ, चहा कँटीनमध्ये घे. सुट्टी सिगरेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे आणि टपरीवर काय चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. पहिला आठवडा वाईट जातो, चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही, तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. तलफ स्वतः काही मिनिटांचीच असते.

१२ वरून ३ वर आणतो असलं काही करू नकोस, उरलेल्या तीन तू जास्त खोल ओढशील, आणि या कॅन्सरमध्ये दिवसाला किती यापेक्षा किती वर्षं ओढली हे जास्त भारी पडतं. लाइट सिगरेट, हुक्का, तळहातावर मळलेली तंबाखू, हे पर्याय नाहीत. शेवटच्याने तर कॅन्सर फक्त छातीतून तोंडात जाईल. सरकारची फुकट क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, पाकिटावर छापलेलीच असते, तिथे माणसं बोलतात आणि नंतर फोन करून चौकशीही करतात.

आणि सोडल्यावर आतलं काही सुधारतं का, तर २०२० मध्ये सोडलेल्या लोकांच्या श्वासनलिकेतल्या पेशी तपासल्या तेव्हा काहींमध्ये ४० टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ न ओढणाऱ्यासारख्या निघाल्या, ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं ओढली होती त्यांच्यातसुद्धा. ओढत असलेल्यांमध्ये हे प्रमाण फार कमी होतं.

आता तुझ्यापेक्षा मला तुझ्या दादाची काळजी जास्त वाटतेय. धोक्याचा हिशोब पॅक-इयरमध्ये करतात, रोज २० सिगरेट एक वर्ष म्हणजे एक. आपल्याकडे १० चं पाकीट पण मिळतं, हिशोबात २० चंच धरायचं. तुझे होतात १०-११, दादाचे ३३. अमेरिकेत ५० ते ८० वय, २० पॅक-इयर आणि अजून ओढतोय किंवा सोडून १५ वर्षं झाली नाहीत, अशांना वर्षातून एकदा कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन सांगतात, आणि तिथल्या ५३ हजार लोकांच्या अभ्यासात त्याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले, साध्या एक्स-रेने असा फायदा होत नाही. आपल्याकडे सरकारी पातळीवर अशी तपासणी नाही, आणि अडचणही आहे, जुन्या टीबीचे डाग इतके जणांच्या छातीत असतात की स्कॅनमध्ये काहीतरी दिसतं आणि मग सुया, बायोप्सी, फुकटची धावपळ. म्हणून लॅबमध्ये जाऊन परस्पर स्कॅन काढायचा नाही, छातीच्या डॉक्टरकडे त्याला घेऊन जा, वडिलांची फाइल बरोबर ने, आणि त्यांना विचार की याचा करायचा का. तुला सध्या त्याची गरज नाही.

दादाला तीन आठवड्यांच्या वर खोकला असेल, थुंकीत रक्त, आवाज बसलेला, कारण नसताना वजन उतरलेलं, यातलं काही असेल तर मग ही तपासणीची चर्चाच नाही, सरळ लगेच दाखवायचं. आणि कोणी नुसता एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर थुंकीची तपासणी झाली का ते विचारायचं, कारण कॅन्सरचे कितीतरी पेशंट आपल्याकडे आधी काही महिने टीबीच्या गोळ्या खाऊन मग कॅन्सर हॉस्पिटलला पोचतात. दादा एकटा जायचा नाही. तू रजा टाक आणि सोबत जा, तिथेच तुझ्या ४ एमजीच्या गमची चिठ्ठीही लिहून घे.